मागणी नसलेलं पत्रक

आमच्या घरात रडायला बंदी नव्हती. पण रडून झालं की पत्रक काढावं लागायचं.

वडिलांना मी भाऊ म्हणते. एसटीतले सहकारी, जळगावात आमच्या मेहरूणमधले शेजारी, त्यांच्या संघटनेतले लोक सगळे त्यांना भाऊच म्हणायचे, मग मी वेगळं काय म्हणणार? भाऊ कंडक्टर होते. खांद्याला तिकिटांची बॅग आणि घरी कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे. ड्युटीवर त्यांनी कधी एकही पत्रक वाटलं नाही. ड्युटीच्या वेळेत स्वतःचं काम करणं ही चोरी आहे, असं ते म्हणत. ड्युटी संपली की मात्र खाकी उतरवून, साध्या शर्टात, त्याच स्टँडवर त्याच प्रवाशांच्या हातात गुलाबी कागद ठेवत. मी अक्षर गिरवलं ते पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. बाकीच्या मुलांना झोपताना गोष्टी सांगत असतील. मला मागण्या वाचून दाखवायचे, आणि मला त्या आवडायच्या. प्रत्येक मागणीच्या शेवटी काहीतरी चांगलं होणार असायचं.

स्वयंपाकघराच्या दाराची आतली बाजू हा आमचा फलक होता. मला काही खुपलं, की भाऊ पाठकोरा कागद पुढे सरकवत आणि म्हणत, "लिही. काय झालं, कुणामुळे झालं, काय पाहिजे." या तीन गोष्टी लिहायच्या आणि कागद दाराला चिकटवायचा. सकाळी त्याखाली भाऊंचं लेखी उत्तर असायचं. 'भरतातल्या मिरच्यांबाबत' हे माझं पहिलं पत्रक. भाऊंनी उत्तर दिलं, 'मागणी अंशतः मान्य.' आई काही लिहीत नसे. तिनं माझ्यापुरतं भरीत आधीच वेगळं काढून ठेवलं होतं.

एकदा शेजारची मैत्रीण नंदुरबारला गेली. तिच्या वडिलांची बदली झाली होती. मी दिवसभर तोंड पाडून बसले. कागद पुढे आला. 'कुणामुळे' या ठिकाणी मी लिहिलं, 'कुणामुळे नाही.' भाऊंनी ते वाचलं आणि कागद परत दिला.

"असं नसतं. कुणीतरी असतंच. शोध."

मी शोधलं, त्यांनी मदत केली, आणि आम्हाला बदल्यांचं धोरण सापडलं. मी त्या धोरणावर इतकी चिडले की मैत्रीण गेल्याचं विसरूनच गेले. राग अंगात ऊब आणतो. पुढची कितीतरी वर्षं मी त्या उबेवर काढली. कॉलेजात, मोर्चात, अमळनेरच्या शिबिरात, जिथे जाईन तिथे मला कुणीतरी सापडायचं, आणि मी लिहायचे. भाऊ माझी प्रुफं तपासायचे. "पत्रकात एक अक्षर खोटं नको," हे त्यांचं वाक्य. विशेषणं ते निर्दयपणे खोडायचे.

आता मी धुळ्यात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढे तास मी शिक्षक, बाकी वेळ कुणी नाही. दर वर्षी आमच्या नेमणुकीची पत्रं सत्र निम्मं उलटल्यावर यायची. त्याविरुद्ध आम्ही उभे राहिलो. पत्रकं मी लिहिली, सह्या मी गोळा केल्या, आणि एका दुपारी मागणी मान्य झाली. पुढच्या वर्षीपासून पत्रं वेळेत मिळणार. स्टाफरूममध्ये पेढे आले. सगळे म्हणाले, तूच बोल. मी उभी राहिले आणि बोलले. वाक्यं बरोबर होती, टाळ्या बरोबर जागी पडल्या. मला मात्र शेजारच्या गल्लीत कुणाची तरी सभा चालली असावी, तसं ऐकू येत होतं.

वाटलं, दमले असेन. दोन रविवार झोपून काढले. दमणूक गेली, ते मात्र गेलं नाही.

ते म्हणजे काय, हे मला सांगता येत नव्हतं. मी वेळेवर उठायचे, वर्गात शिकवायचे, माझ्या विनोदांना मुलं हसायची. वर्तमानपत्र वाचताना मी नेहमी पेन्सिल घेऊन बसते, चीड आणणाऱ्या ओळींखाली रेघ ओढायला. पेन्सिलीचं टोक आता झिजत नव्हतं. बातम्या सुधारल्या होत्या म्हणावं, तर तसं काही दिसत नव्हतं. गावाकडे काकूनं मला निरखून विचारलं, "काय व्हयनं वं तुले? बठ्ठं ते शे तुन्हाजोडे." तिचं खरंच होतं. माझ्याजवळ सगळं होतं. मी 'काही नाही' म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

आमच्या स्टाफरूममध्ये मानसशास्त्राच्या एक मॅडम आहेत. मला सीनियर, डबा खाताना कुणाशी बोलत नाहीत. एके दुपारी त्यांनी डबा अर्ध्यात झाकला आणि विचारायला लागल्या.

"झोप?"

"लागते."

"भूक?"

"आहे."

"मरावंसं वाटतं?"

"छे, नाही."

"जगावंसं?"

मी थांबले. "जगतेय की, मॅडम."

"ते नाही विचारलं मी."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. आजार नाही म्हणजे माणूस बरा, असं आपण धरून चालतो. पण आजार असणं-नसणं वेगळं मोजायचं आणि बरं असणं वेगळं मोजायचं. कसलाही आजार नसलेल्या माणसाचं बरं असणं तळाला गेलेलं असू शकतं. दुःख नाही, आनंद नाही, ओढ नाही. इंग्रजीत त्याला लँग्विशिंग म्हणतात.

"आणि मराठीत?"

"तू मराठीची आहेस. तूच सांग."

आम्ही दोघी हसलो. मला शब्द सुचला नाही, अजूनही सुचलेला नाही. मरगळ म्हणावं तर अंगात आळस नव्हता. उदास म्हणावं तर त्यात दुःख असतं. डबा परत उघडताना मॅडम म्हणाल्या, "हलकं समजू नकोस. फार दिवस राहिलं तर यातूनच खरा आजार उगवू शकतो. कुणाला तरी सांग. उपाय सांगणारा नको, ऐकणारा शोध."

मी शनिवारी जळगावला गेले आणि संध्याकाळी भाऊंबरोबर मेहरूण तलावावर फिरायला निघाले.

त्यांना सांगायचं मी का ठरवलं, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. उत्तर साधं आहे. मला जे काही म्हणता येतं, ते म्हणायला त्यांनीच शिकवलं होतं. हे एक म्हणता येत नव्हतं, तर दुसऱ्या कुणाकडे जाणार?

तलावाच्या कडेनं चालताना मी बोलले. अडखळत, मागे-पुढे करत. म्हणाले, भाऊ, मी सकाळी उठते, पण उठून आले असं वाटत नाही. मला वाईट वाटत नाही. रडूही येत नाही. आईनं आज दुपारी भरीत केलं होतं, ते जिभेला कळलं, मला कळलं नाही. हे कुणामुळे होतंय ते मला सापडत नाही, आणि मला काय पाहिजे तेही सांगता येत नाही.

मी वाट बघत होते की आता ते म्हणतील, शोध. ते म्हणाले नाहीत. त्यांनी गरम फुटाण्यांची पुडी घेतली, मला अर्धे दिले, आणि आम्ही काही न बोलता चालत राहिलो. एका वळणावर त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पेन त्यांच्या खिशात होतं, आणि त्यांनी त्याला हात लावला नाही.

घरी येताना मला वाटलं, माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट नुसती ऐकली. त्या रात्री मी आईला म्हणालेसुद्धा, "भाऊ बदललेत गं." आई कणीक झाकत होती. ती म्हणाली, "बघू."

पुढे काही आठवड्यांनी धुळ्याहून जळगावला निघताना माझी पारोळ्याकडची बस चुकली. म्हणून मी अमळनेरमार्गे जाणारी पकडली. अमळनेरला माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. मांडीवर पिशवी, हातात गुलाबी कागद. तो रंग मी झोपेतही ओळखेन.

"वाच वं माय, काय लिखेल शे. चष्मा घरच र्‍हायना मन्हा."

मी कागद घेतला. वर ठळक अक्षरात होतं, 'उमलण्याआधीच कोमेजणारी बोंडं.' त्याखाली, 'एका उच्चशिक्षित तरुणीचा आक्रोश.' भाषा ओळखीची होती, पण भाऊंची संघटना नेहमीच काहीतरी काढत असते. मी मोठ्यानं वाचायला लागले. मला मोठ्यानं वाचायची सवय आहे.

'मला सकाळी उठावंसं वाटत नाही. रात्र रात्र मी रडते. जगणं मला असह्य झालं आहे.'

"अरे देवा," म्हातारी म्हणाली. "लगीन व्हयेल नही व्हई तिन्हं."

मागच्या सीटवरचे एक आजोबा हसले. "लगीन व्हयेल व्हई, म्हनीसन रडस!"

"तुमले कोनी इचारं, आबा? वाच वं तू."

मी पुढची ओळ वाचली. 'आईच्या हातचं भरीत जिभेला कळतं, मला कळत नाही.'

"मीठ टाकाले भुलनी व्हई तिन्ही माय," म्हातारी म्हणाली, आणि आसपासचे सगळे हसले. मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं. माझ्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "बिचारी. कोन पोर शे व्हई?"

मी म्हणाले, "माहीत नाही, आक्का."

पुढे मागण्या होत्या. रिक्त जागा भरा. तासिका तत्त्व बंद करा. प्रत्येक महाविद्यालयात समुपदेशक नेमा. एकूण एक मागणी रास्त होती. कुणीही आणून दिलं असतं तर मी डोळे झाकून सही केली असती. मी शेवटपर्यंत वाचलं, संघटनेचा पत्ताही वाचला, आणि कागद घडी करून तिला परत दिला. बोंडाची गोष्ट मी कधी बोलले नव्हते. भाऊंनी स्वतः कापसाच्या शेतात पाय ठेवला त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

जळगाव येईपर्यंत मला काहीच वाटलं नाही. मी स्वतःला चाचपून बघत होते, जखम शोधतात तशी. मग घराच्या पायऱ्या मी दोन-दोन करत चढले.

भाऊ गॅलरीत खुर्चीवर बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. ते माझ्याकडे बघून हसले. "आलीस? बरं झालं. जरा हातभार लाव."

"हे मी बोलले होते?"

"नाव कुठंय तुझं? नाव नाही टाकलं मी."

"मी रडते असं लिहिलंय, भाऊ."

"अगं, लोकांना काहीतरी धरायला लागतं. 'मला काही वाटत नाही' यावर माणूस थांबत नाही. पुढे जातो. रडते म्हटलं की थांबतो."

"मी रडत नाही. तुम्हाला तलावावर मी तेच सांगत होते. रडू येत नाही, हीच तर गोष्ट होती!"

"भावार्थ तोच आहे."

"पत्रकात एक अक्षर खोटं नको, असं कोण म्हणायचं?"

भाऊंनी घडी घातलेलं पत्रक गठ्ठ्यावर ठेवलं. क्षणभर विचार केला. मग शांतपणे म्हणाले, "ते आकड्यांबद्दल होतं. आकडे आणि तारखा."

इतकी वर्षं मी ते वाक्य जसंच्या तसं जगले होते. विशेषण वापरताना मला अपराधी वाटायचं. मैत्रिणीला खोटं कारण सांगून सिनेमाला जाणं मला कधी जमलं नाही. आणि ते फक्त आकड्यांबद्दल होतं.

मी ओरडले. काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. तलावाचं बोलले, फुटाण्यांचं बोलले. "तुम्ही ऐकत नव्हता, तुम्ही मजकूर गोळा करत होता," हे वाक्य आठवतं. आई आतून आली. ती चिडली की तिची अहिराणी बाहेर येते. ओला हात भाऊंसमोर नाचवत ती म्हणाली, "पोर शे का पत्रक शे ती?"

भाऊ तिच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे चमकत होते.

"बघ," ते म्हणाले. "बघ, राग आला ना? गेलं ना ते तुझं काही न वाटणं? लागू पडलं की गं पत्रक!"

ते उपहासानं बोलले असते तर मी सोडून दिलं असतं. पण त्यांना मनापासून आनंद झाला होता. मुलगी बरी झाली, असा आनंद. उठून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझा राग माझा होता, कित्येक महिन्यांत मला पहिल्यांदा मिळालेली माझी स्वतःची वस्तू. तोही त्यांनी आपल्या खात्यावर जमा करून टाकला.

मी डोकं बाजूला घेतलं. आत गेले, पाठकोरा कागद घेतला, आणि लहानपणी लिहायचे तशीच लिहायला बसले.

'दुरुस्ती. मी रडत नाही. मला जगणं असह्य झालेलं नाही. मला दुःख नाही आणि आनंदही नाही. हे कुणामुळे आहे ते मला माहीत नाही. माझी काही मागणी नाही.'

कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. जुन्या डिंकाचे डाग अजून तिथे आहेत.

सकाळी त्याखाली भाऊंचं अक्षर होतं. 'माहीत नाही' याखाली लाल रेघ आणि बाजूला 'तपासावे.' शेवटी लिहिलं होतं, 'मागणी नसल्यास छापता येणार नाही.'

मी वाचत उभी होते तेव्हा आई चहा घेऊन आली. तिनं कागदाकडे पाहिलं, कप माझ्या हातात दिला, आणि माझ्याजवळ उभी राहिली. काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. चहा गरम होता, एवढं मला कळलं. ते जिभेला कळलं की मला, हे मी तपासलं नाही.

सोमवारी पहाटेच्या बसनं परत निघाले. राग सोबत होता. मी तो जपून धरला होता, भाऊंचा अंदाज खोटा ठरू नये असंही कुठेतरी वाटत असेल. एरंडोलपर्यंत तो टिकला. पारोळा येईपर्यंत त्याची धग उतरली, आणि धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा मी पुन्हा तीच होते, वेळेवर पोचलेली, काहीही न दुखणारी. पत्रक लागू पडलेलं नव्हतं.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी डबा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "ऐकणारा शोध म्हणाले होते. वडील शोध म्हणाले नव्हते." आता दर गुरुवारी तास संपल्यावर त्यांच्यासोबत एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्या बाई कमी बोलतात. त्यांच्या टेबलावर कागद नाही, हे मी पहिल्याच दिवशी पाहून घेतलं.

ओळखीतले जाणते लोक मला सांगतात, वडील आहेत, चांगल्या हेतूनं केलं, सोडून दे. हेतूबद्दल माझी तक्रारच नाही. ज्यांच्यावर आम्ही आयुष्यभर पत्रकं काढली, ते सगळेही आपला हेतू चांगलाच होता असं म्हणायचे. आम्ही त्यांना सोडलं नव्हतं. कुणाचं दुःख त्याला न विचारता वापरायचं नाही, हे मी याच घरात शिकले. जे दुःखच नव्हतं, त्याला दुःख करून वापरणं तर त्याहून वाईट. जिला खरोखर रात्र रात्र रडू येतं, अशी एखादी मुलगीही अमळनेरच्या स्टँडवर उभी असेल. तिच्या हातात तो कागद पडला असेल. तिलाही आम्ही फसवलं.

परवा भाऊंचा फोन आला. तब्येत, पाऊसपाणी, आईचे गुडघे. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"नवीन काही लिहिलंस की नाही?"

"लिहितेय."

"वा! कुणाविरुद्ध?"

"तुमच्या."

मग ते हसले, मोठ्यानं, गडगडून. लहानपणी मी मिरच्यांवर पत्रक काढलं तेव्हा हसले होते तसेच.

"चांगलं आहे. मागण्या नीट लिही. आणि छापायला देण्याआधी प्रूफ मला दाखव."

"बघते," मी म्हणाले.

प्रूफ मी त्यांना दाखवलेलं नाही.